१९० गोल करणारी क्रिस्टीन सिंक्लेअर : चुकलेल्या पेनल्टीचा धडा



आजचा लेख एका खेळाडूवर आहे. पण त्याआधी तो का लिहावासा वाटला ते सांगते.

आमच्या कोल्हापूरकडे फुटबॉलचं वेड किती आहे हे तुम्हाला माहीतच आहे. शाळेच्या छोट्याशा मैदानावरसुद्धा दोन दगड ठेवले की गोलपोस्ट तयार होतो. मागच्या वर्षी पाचवीच्या वर्गाचा असाच एक सामना चालला होता. बरोबरी झाली, पेनल्टी घ्यायची ठरली. एका मुलीने चेंडू मारला तो दगडाच्या बाहेरून गेला. संघ हरला. मुलं मुलांसारखीच बोलली, "तुझ्यामुळं हरलो." दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला ती वर्गातच बसून राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मी खेळते, पण पेनल्टी कधीच मारणार नाही."

मी तिला नेहमीचं बोलले. अपयश ही यशाची पहिली पायरी असते वगैरे. तिने मान हलवली, पण तिला काही ते पटलेलं नव्हतं. मग मी विचार केला, की सुविचार सांगण्यापेक्षा खरी गोष्ट सांगावी. अशी गोष्ट, ज्यात खूप मोठी खेळाडू आहे आणि तीही पेनल्टी चुकली आहे. शोधताना मला भेटली कॅनडाची क्रिस्टीन सिंक्लेअर. तिची गोष्ट मी वर्गात सांगितली, तीच आज तुमच्यासाठी जरा सविस्तर लिहिते आहे.

कोण आहे ही खेळाडू?

क्रिस्टीन सिंक्लेअर ही कॅनडाच्या महिला फुटबॉल संघाची माजी कर्णधार. ती आघाडीला खेळायची, म्हणजे फॉरवर्ड. तिने देशासाठी ३३१ सामने खेळले आणि १९० गोल केले. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये पुरुष आणि महिला दोन्ही धरून इतके गोल आजवर दुसऱ्या कुणीही केलेले नाहीत. आपल्या मुलांना रोनाल्डो आणि मेस्सी पाठ असतात. पण देशासाठी केलेल्या गोलांच्या यादीत हे दोघेही सिंक्लेअरच्या बरेच मागे आहेत. वर्गात हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मुलांना खरंच वाटेना!

बालपण

क्रिस्टीनचा जन्म १२ जून १९८३ रोजी बर्नबी येथे झाला. हे शहर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकुव्हरला लागून आहे. कॅनडा म्हटलं की बर्फ आणि आइस हॉकी आठवते. तिथे सगळ्यात लाडका खेळ हॉकीच. पण क्रिस्टीनच्या घरात फुटबॉल होता. तिचे दोन काका-मामा, ब्रायन आणि ब्रूस गँट, व्यावसायिक फुटबॉल खेळलेले होते.

ती चार वर्षांची असताना खेळायला लागली आणि लहानपणी स्वतःपेक्षा मोठ्या मुलींच्या संघात खेळायची. बेसबॉलही खेळायची. टोरांटोच्या बेसबॉल संघातला रॉबर्टो अलोमार हा तिचा आवडता खेळाडू. त्याच्या पाठीवर १२ क्रमांक असायचा, म्हणून तिनेही १२ क्रमांक घेतला आणि तो कारकीर्द संपेपर्यंत सोडला नाही. बघा, मूल प्रेरणा कुठून घेईल हे आपण ठरवू शकत नाही. फुटबॉल खेळणाऱ्या मुलीने ती बेसबॉलमधून घेतली.

तिच्या आईला, सँड्रा यांना, मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार होता. या आजारात शरीराच्या हालचालींवरचा ताबा हळूहळू कमी होत जातो. पुढे क्रिस्टीनने या आजाराविषयी जाहीरपणे बोलून जनजागृतीच्या कामाला हातभार लावला. २०१६ मध्ये तिचे वडील बिल गेले आणि २०२२ मध्ये आई गेली. म्हणजे आपण तिचे गोल मोजत होतो त्या काळात घरी हेही सगळं चालू होतं.

सोळाव्या वर्षी देशाच्या संघात

मार्च २००० मध्ये पोर्तुगालमधल्या अल्गार्व्ह चषक स्पर्धेत ती कॅनडासाठी पहिल्यांदा खेळली. वय फक्त १६, म्हणजे आपल्याकडच्या दहावी-अकरावीच्या मुलीएवढं. त्याच स्पर्धेत तिने आंतरराष्ट्रीय कारकिर्दीतला पहिला गोलही केला.

२००२ मध्ये १९ वर्षांखालील मुलींची पहिली जागतिक स्पर्धा कॅनडात झाली. तिथे क्रिस्टीनने १० गोल केले. सर्वाधिक गोलांचा आणि सर्वोत्तम खेळाडूचा असे दोन्ही पुरस्कार तिला मिळाले. एडमंटन शहरातला अंतिम सामना बघायला ४७ हजारांहून अधिक लोक आले होते. मुलींचा सामना बघायला इतके लोक! कॅनडा त्या सामन्यात अमेरिकेकडून हरला, पण देशाला एक खेळाडू मिळाली.

शिक्षणही सुटलं नाही. ती अमेरिकेतल्या पोर्टलंड विद्यापीठात शिकली आणि विद्यापीठाच्या संघाकडून खेळली. २००२ आणि २००५ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं तिच्या संघाने मिळवली. २००५ च्या एकाच हंगामात तिने ३९ गोल केले, तो तिथल्या विद्यापीठ स्पर्धेतला विक्रम ठरला. "खेळ की अभ्यास" असा प्रश्न आपल्याकडे पालकसभेत दरवेळी येतो. तिथे विद्यापीठाची पद्धतच अशी आहे की चांगल्या खेळाडूला खेळासाठी शिष्यवृत्ती मिळते आणि पदवीचा अभ्यासही चालू राहतो. त्यामुळे घरच्यांना दोन्हींपैकी एक निवडायची वेळ येत नाही.

नाक मोडलं, तरी मैदान सोडलं नाही

आता २०११ सालात येऊ. जर्मनीत महिला विश्वचषक होता. पहिलाच सामना यजमान जर्मनीशी, बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर. सामन्यात एका खेळाडूचं कोपर क्रिस्टीनच्या चेहऱ्यावर लागलं आणि तिचं नाक मोडलं. उपचार करणाऱ्यांनी तिला बाहेर काढायचं ठरवलं होतं, पण ती पुन्हा मैदानात गेली. ८२ व्या मिनिटाला तिने फ्री किकवर थेट गोल मारला. जर्मनीने २००७ च्या संपूर्ण विश्वचषकात एकही गोल खाल्ला नव्हता, त्यामुळे या गोलाचं खूप कौतुक झालं.

इथे मुलं टाळ्या वाजवतात. पण गोष्ट इथे थांबवू नका. कॅनडा तो सामना २-१ ने हरला. पुढचे दोन्ही सामनेही हरला आणि १६ संघांत शेवटचा आला. एका खेळाडूचं धाडस संघाला वाचवेलच असं नसतं, हेही मुलांना कळायला हवं.

(शिक्षकांसाठी एक सूचना : मोडलेल्या नाकाने खेळणं हा आदर्श म्हणून सांगू नये. शाळेत कुणाला लागलं तर आधी खेळ थांबवायचा. हे मी वर्गात मुद्दाम सांगितलं.)

६ ऑगस्ट २०१२ : तीन गोल आणि पराभव

पुढच्याच वर्षी लंडन ऑलिम्पिक आलं. उपांत्य सामना कॅनडा विरुद्ध अमेरिका. मैदान मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड. अमेरिकेचा संघ म्हणजे जगातला सर्वांत बलवान संघ आणि कॅनडाचा शेजारी.

त्या दिवशी क्रिस्टीनने तीन गोल केले. २२ व्या, ६७ व्या आणि ७३ व्या मिनिटाला. तीन वेळा कॅनडाला आघाडी मिळाली आणि तिन्ही वेळा अमेरिकेने बरोबरी साधली. तिसरी बरोबरी कशी झाली ते जरा समजावून सांगते, कारण ते नियमाशी संबंधित आहे.

तेव्हाचा नियम असा होता की गोलरक्षकाने चेंडू हातात सहा सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही. नियम होता, पण पंच तो फारसा लावत नसत. त्या दिवशी पंचांनी कॅनडाच्या गोलरक्षक एरिन मॅक्लाउडवर तो लावला आणि अमेरिकेला पेनल्टी क्षेत्रात अप्रत्यक्ष फ्री किक दिली. ती मारलेली कॅनडाच्या एका खेळाडूच्या हाताला लागली, म्हणून पेनल्टी मिळाली. ॲबी वॉम्बाकने त्यावर गोल केला. ३-३. मग जादा वेळेच्याही शेवटी, १२३ व्या मिनिटाला, अ‍ॅलेक्स मॉर्गनने हेडर मारला आणि कॅनडा ४-३ ने हरला. (२०२५ पासून हा नियम बदलला आहे. आता गोलरक्षकाला आठ सेकंद मिळतात आणि जास्त वेळ लावला तर समोरच्या संघाला कॉर्नर किक देतात.)

सामन्यानंतर क्रिस्टीन पंचांवर उघडपणे चिडली. त्यासाठी नंतर फिफाने तिच्यावर चार सामन्यांची बंदी घातली. ही बाजूही मुलांना सांगा. मोठी माणसंही रागाच्या भरात बोलतात आणि त्याची किंमत देतात.

पण तीनच दिवसांनी कांस्यपदकाचा सामना होता, फ्रान्सशी. इतकं हरल्यावर पुन्हा बूट घालायचे होते. कॅनडाने तो सामना अगदी शेवटच्या क्षणी डायना मॅथिसनच्या गोलावर १-० असा जिंकला. त्या ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक सहा गोल क्रिस्टीनचे होते. समारोपाला कॅनडाचा ध्वज तिच्या हाती दिला गेला. २०१६ मध्ये रिओलाही कॅनडाने कांस्यपदक मिळवलं. ब्राझीलला त्यांच्याच घरात २-१ ने हरवलं, त्यातला एक गोल क्रिस्टीनचा.

आता आपल्या विषयाकडे : पेनल्टी

पेनल्टीत काय असतं? गोलपासून ११ मीटरवर चेंडू ठेवायचा. समोर फक्त गोलरक्षक. सगळे म्हणतात सोपी गोष्ट आहे. पण सोप्या गोष्टीत चुकलं की लाज जास्त वाटते, हे आपल्या मुलांना तोंडी परीक्षेतसुद्धा जाणवतं. क्रिस्टीनच्या कारकिर्दीतल्या पेनल्टी मी एकाखाली एक लिहून काढल्या आणि मला तिची गोष्ट नव्याने कळली.

२०१५, विश्वचषक. यजमान कॅनडाच. पहिला सामना चीनशी, एडमंटनमध्ये. ९० मिनिटं संपली, ०-०. जादा मिळालेल्या मिनिटांत पेनल्टी मिळाली. सगळ्या देशाचं लक्ष तिच्याकडे. तिने गोल मारला, कॅनडा जिंकला.

२०१९, विश्वचषक. मैदान पॅरिसचं, समोर स्वीडन. कॅनडा ०-१ ने मागे. पेनल्टी मिळाली. सगळ्यांना वाटलं कर्णधारच मारणार. पण क्रिस्टीनने ती सहकारी जनीन बेकीला मारायला दिली. स्वीडनच्या गोलरक्षकाने ती अडवली. कॅनडा हरून बाहेर पडला. मग टीका सुरू झाली. इतकी मोठी खेळाडू, पेनल्टी दुसरीला कशाला दिली?

जानेवारी २०२०, टेक्सास. ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत सेंट किट्स अँड नेव्हिसविरुद्धचा सामना. क्रिस्टीनने पेनल्टीवर गोल करून वॉम्बाकच्या १८४ गोलांची बरोबरी केली. थोड्याच वेळात आणखी एक गोल केला आणि १८५ गोलांसह ती जगात पहिली झाली. हो, तीच वॉम्बाक, जिच्या पेनल्टीने २०१२ मध्ये बरोबरी झाली होती.

आता टोकियो ऑलिम्पिक. कोरोनामुळे ते एक वर्ष उशिरा, २०२१ मध्ये झालं. उपांत्यपूर्व सामना ब्राझीलशी. गोलशून्य बरोबरी आणि पेनल्टी शूटआऊट. पहिली पेनल्टी कर्णधाराची. क्रिस्टीनने मारली आणि ब्राझीलच्या गोलरक्षकाने अडवली! जगात सर्वाधिक गोल करणारी खेळाडू, ३८ वर्षांची, बहुधा शेवटचं ऑलिम्पिक, आणि पेनल्टी चुकली. पण बाकीच्या चौघींनी गोल केले. गोलरक्षक स्टेफनी लाबे हिने ब्राझीलच्या दोन पेनल्टी अडवल्या. कॅनडा ४-३ ने जिंकला.

आमच्या वर्गात इथे एकदम शांतता होती. मी "त्या" मुलीकडे मुद्दामच पाहिलं नाही.

चेंडू हातात घेतला आणि दुसरीला दिला

उपांत्य सामना पुन्हा अमेरिकेशी. २० वर्षांत कॅनडाने अमेरिकेला एकदाही हरवलं नव्हतं. सामना ०-० असताना ७४ व्या मिनिटाच्या सुमारास कॅनडाला पेनल्टी मिळाली. क्रिस्टीनने चेंडू उचलला आणि तो जेसी फ्लेमिंगच्या हातात दिला. फ्लेमिंग तेव्हा २३ वर्षांची होती. तिने गोल मारला आणि कॅनडा १-० ने जिंकून अंतिम फेरीत गेला.

जरा थांबून विचार करूया. दोन वर्षांपूर्वी तिने असाच चेंडू दुसरीला दिला होता आणि त्यावरून टीका ऐकली होती. आपण असतो तर काय केलं असतं? "आता काही झालं तरी मीच मारणार" असं म्हटलं असतं. किंवा तीन दिवसांपूर्वीची चूक भरून काढायला निघालो असतो. तिने पाहिलं ते एवढंच, की या क्षणी संघात पेनल्टी सर्वांत चांगली कोण मारेल. दोन्ही वेळा तिने दुसरीवर विश्वास टाकला. एकदा तो निर्णय फसला, एकदा यशस्वी झाला. निर्णय घेण्याची पद्धत मात्र तीच राहिली. मला तर १९० गोलांपेक्षा हा चेंडू देणं मोठं वाटतं.

अंतिम सामना स्वीडनशी, योकोहामा येथे. तारीख होती ६ ऑगस्ट २०२१. ओल्ड ट्रॅफर्डच्या पराभवाला त्या दिवशी बरोबर नऊ वर्षं झाली होती. स्वीडनने आधी गोल केला. मग स्वीडनच्या क्षेत्रात क्रिस्टीनला पाडलं गेलं आणि कॅनडाला पेनल्टी मिळाली. मारली पुन्हा फ्लेमिंगने. १-१. ८६ व्या मिनिटाला क्रिस्टीनला बदलून दुसरी खेळाडू आली. म्हणजे जादा वेळ आणि शूटआऊट तिने बाहेर बसून पाहिलं.

शूटआऊटमध्ये तर कॅनडाच्या एकापाठोपाठ तीन पेनल्टी चुकल्या. स्वीडनची अनुभवी कर्णधार कॅरोलिन सेगर हिने पेनल्टी मारली असती तर सुवर्णपदक स्वीडनला गेलं असतं. तिचा चेंडू वरून गेला. पुन्हा बरोबरी झाली, लाबेने आणखी एक पेनल्टी अडवली आणि शेवटची पेनल्टी मारायला आली ज्युलिया ग्रोसो. वय २०. क्रिस्टीन देशासाठी पहिला सामना खेळली त्याच वर्षी, म्हणजे २००० मध्ये, ग्रोसोचा जन्म झाला. तिने गोल मारला आणि कॅनडाला महिला फुटबॉलमधलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळालं.

गोष्ट सांगून झाल्यावर माझ्या त्या विद्यार्थिनीने हात वर केला. मला वाटलं क्रिस्टीनबद्दल विचारेल. तिने विचारलं, "मॅडम, ती २०१९ ला जिची पेनल्टी अडवली, तिचं पुढं काय झालं?"

खरं सांगते, मला उत्तर माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं. जनीन बेकी टोकियोच्या संघात होती. चिलीविरुद्धच्या सामन्यात तिला पुन्हा पेनल्टी मिळाली, तिने ती मारली आणि तीही चुकली, चेंडू खांबाला लागला. पण त्याच सामन्यात तिने दोन गोल केले आणि कॅनडा २-१ ने जिंकला. सुवर्णपदक तिच्याही गळ्यात पडलं. दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं. मुलीच्या प्रश्नाने गोष्ट पूर्ण झाली असं मला वाटतं. आम्ही मोठी माणसं विजेत्याच्या मागे जातो, मुलं चुकलेल्याची चौकशी करतात.

मैदानाबाहेरची लढाई

क्रिस्टीन देशासाठी खेळत होती तेवढ्या सगळ्या काळात कॅनडात महिलांची स्वतःची व्यावसायिक लीग नव्हती. त्यामुळे तिला क्लब फुटबॉल अमेरिकेत खेळावं लागलं. पोर्टलंड थॉर्न्स या संघाकडून ती २०१३ ते २०२४ पर्यंत खेळली आणि २०१३, २०१७, २०२२ अशी तीन विजेतेपदं मिळवली.

ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवूनही महिला संघाला मानधन आणि सुविधांसाठी झगडावं लागलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळाडूंनी संप करायचं ठरवलं होतं. मार्चमध्ये क्रिस्टीनने सहकाऱ्यांसोबत कॅनडाच्या संसदेच्या समितीपुढे जाऊन पुरुषांच्या बरोबरीने वागणूक मिळावी हा मुद्दा मांडला. स्वभावाने ती अबोल म्हणून ओळखली जाते. पण गरज होती तिथे बोलली.

एप्रिल २०२५ मध्ये कॅनडात महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली, सहा संघांची. ती उभी करण्यात पुढाकार कुणाचा? २०१२ मध्ये कांस्यपदकाचा गोल करणाऱ्या डायना मॅथिसनचा. व्हँकुव्हरच्या संघाच्या मालकांमध्ये क्रिस्टीनही आहे. म्हणजे आता बर्नबीतल्या मुलीला व्यावसायिक फुटबॉल खेळायला देश सोडून जावं लागणार नाही.

शेवट

२०२३ मध्ये ती सहावा विश्वचषक खेळली. पहिल्या सामन्यात नायजेरियाविरुद्ध पेनल्टी मिळाली. या वेळी तिनेच मारली आणि गोलरक्षकाने अडवली. सामना ०-० सुटला आणि कॅनडा पहिल्याच फेरीत बाहेर पडला. आधीच्या पाचही विश्वचषकांत तिने गोल केला होता, सहाव्यात करता आला नाही.

म्हणजे बघा, तिच्या विश्वचषकाच्या गोष्टीचा शेवट चुकलेल्या पेनल्टीने झाला. तरीही त्याच वर्षी ५ डिसेंबरला व्हँकुव्हरमध्ये तिचा निरोपाचा सामना झाला, तेव्हा ४८ हजारांवर लोक आले होते. त्या दिवसापुरतं स्टेडियमला तिचं नाव दिलं होतं. लोकांनी ती पेनल्टी लक्षात ठेवली असती तर आले असते का? २०२४ च्या हंगामानंतर तिने क्लब फुटबॉलही थांबवलं.

वर्गात हा पाठ कसा घ्याल?

१. गणित : विश्वचषकातले तिचे गोल फळ्यावर लिहा. २००३ – ३, २००७ – ३, २०११ – १, २०१५ – २, २०१९ – १, २०२३ – ०. यावरून स्तंभालेख काढून घ्या. एकूण १०.

२. विचार करायला लावणारा प्रश्न : ३३१ सामन्यांत १९० गोल, तर किती सामन्यांत तिने गोल केला नाही? बहुतेक मुलं ३३१ मधून १९० वजा करून १४१ सांगतील. हे चूक आहे, कारण काही सामन्यांत तिने दोन-तीन गोल केले. म्हणजे एकही गोल न झालेले सामने १४१ पेक्षा जास्तच. माहिती अपुरी आहे हे ओळखणं हेसुद्धा गणितच. मोठ्या मुलांना सरासरी काढायला सांगा. साधारण सात सामन्यांत चार गोल येतील.

३. परिसर अभ्यास : नकाशावर कॅनडा, जर्मनी, इंग्लंड, जपान दाखवा. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला होता. सामने भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत झाले आणि कॅनडाच्या मुलीही खेळायला आल्या होत्या, हेही सांगा. नकाशा एकदम जवळचा वाटायला लागतो.

४. भाषा : "क्रिस्टीनने चेंडू दिला तेव्हा जेसी फ्लेमिंगच्या मनात काय आलं असेल?" यावर पाच वाक्यं लिहून घ्या.

५. खेळ : पेनल्टीचा सराव घेताना प्रत्येकाला मारायला लावा. चांगली मारणारी दोनच मुलं निवडू नका. चुकल्यावर हसायचं नाही, एवढा एकच नियम ठेवा.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, मुलगी पाचवी-सहावीत गेली की खेळणं कमी होतं, हे आपण सगळे बघतो. कधी अभ्यासाचं कारण असतं, कधी "आता मोठी झालीस" असं म्हणतो. आणि कधी एखादी चूक झालेली असते, जिच्याबद्दल ती घरी बोललेलीच नसते. संध्याकाळी मुलं मैदानावरून आली की आपण विचारतो, "जिंकलात का?" त्याऐवजी एकदा विचारून बघा, "आज कुणाला पास दिलास?" उत्तर ऐकण्यासारखं असतं.

आणि हो, शाळेतला खेळाचा तास गणिताला देऊ नका, ही विनंती मी स्वतःलाही करते आहे. मीसुद्धा दिला आहे.

माझी ती विद्यार्थिनी आता सहावीत गेली. परवा मैदानावर पेनल्टी मिळाली तेव्हा ती पुढे आली. मारली. गोलरक्षक पोराने अडवली. ती दोन्ही हात कमरेवर ठेवून क्षणभर उभी राहिली आणि मग मागे पळाली, कारण चेंडू अजून खेळात होता.

लेख कसा वाटला, वर्गात वापरला तर मुलांनी काय प्रश्न विचारले, ते नक्की कळवा.